डोंगराचा कारभार : श्री क्षेत्र जोतिबाच्या व्यवस्थेची वाटचाल

चैत्र पौर्णिमेच्या दुपारी वाडी रत्नागिरीवर सासनकाठ्यांची मिरवणूक निघते. पहिली काठी कोणाची, हे तेव्हा कोणाला विचारावे लागत नाही. सातारा जिल्ह्यातील पाडळीची काठी पुढे असते. पाटण तालुक्यातील विहे, कराडजवळचे किवळ, तासगाव तालुक्यातील कवठेएकंद, करवीरचे छत्रपती, हिम्मतबहाद्दर चव्हाण अशा मानाच्या काठ्या आपापल्या जागी लागतात. तीस-चाळीस फुटांचा वेळू, त्यावर रंगीत वस्त्रे आणि तोरणे, चारी बाजूंनी ताणलेले दोर, खाली हलगीचा ठेका आणि वर गुलालाचे ढग. अरुंद डोंगरमाथ्यावर लाखो माणसे जमलेली असतात, तरी कोणाची काठी पुढे जायची यावर भांडण होत नाही. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला म्हणून तो टिकला.

या क्षेत्राच्या व्यवस्थेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. ‘सासनकाठी’ या नावातच शासन ऐकू येते. ग्रामपंचायत, देवस्थान समिती, यात्रा नियोजन, विकास आराखडा हे शब्द डोंगरावर यायच्या कितीतरी आधी इथे कारभार होता. कोणी काय करायचे, कधी करायचे आणि कोणाच्या आधी करायचे, हे ठरलेले होते. त्या कारभाराचे नाव ‘मान’. आज ज्याला ग्रामीण पर्यटनातील स्थानिक नेतृत्व म्हणतात, त्याची आपल्याकडची मुळे या मानात आहेत.

देवळे आणि तीर्थे

कोल्हापूरच्या वायव्येला साधारण अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच असा हा डोंगर. जोतिबाने, म्हणजेच केदारनाथाने, रत्नासुराचा वध केला म्हणून रत्नागिरी, आणि त्यावरची वस्ती म्हणून वाडी रत्नागिरी. खड्ग, डमरू, त्रिशूळ आणि अमृतपात्र धारण करणारा हा चतुर्भुज देव महाराष्ट्र आणि कर्नाटकातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत आहे.

मूळ देऊळ किवळच्या नावजी साया या भक्ताने बांधल्याचे सांगतात. त्या जागी आजचे मुख्य मंदिर इ. स. १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी उभारले. चोपडाईचे मंदिर १७५० मध्ये प्रीतिराव हिम्मतबहाद्दर यांनी, रामलिंगाचे १७८० मध्ये मालजी निलम पन्हाळकर यांनी, तर केदारेश्वराचे १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी बांधले. गावाबाहेरच्या यमाईचे मंदिरही राणोजींचेच.

ही नावे एका ओळीत वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. हे क्षेत्र कोणा एकाने उभारलेले नाही. त्यात किवळचा एक भक्त आहे, कण्हेरखेडच्या पाटीलकीतून उत्तरेत ग्वाल्हेरपर्यंत पोचलेले शिंदे घराणे आहे, करवीर राज्याचे सरदार आहेत, शेजारच्या पन्हाळ्याचे पन्हाळकर आहेत. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे बांधले आणि आधीच्याचे राखले. म्हणून यमाई सोडता, जवळजवळ ऐंशी वर्षांच्या अंतराने उभी राहिलेली ही देवळे एकाच काळ्या दगडात, एकाच आवारात, एका कुटुंबासारखी उभी आहेत.

देवळांइतकेच महत्त्व पाण्याला होते. यमाईच्या मंदिरासमोर दोन तीर्थे आहेत. त्यांतले एक १७४३ मध्ये करवीरच्या जिजाबाईसाहेबांनी बांधवले, आणि जमदग्न्य तीर्थ राणोजी शिंद्यांनी. डोंगरमाथ्यावर नदी नाही. पाऊस भरपूर पडतो, पण तो उतारावरून खाली निघून जातो. तो अडवला तरच उन्हाळ्यात, ऐन चैत्रात, यात्रेला घोटभर पाणी मिळणार. हे त्या कारभाऱ्यांनी ओळखले होते. जो देऊळ बांधेल त्याने तीर्थही बांधावे, असा तो अलिखित दंडक दिसतो. पुढच्या प्रत्येक आराखड्याने हाच दंडक आपला मानावा, अशी ही सुरुवात आहे.

मान म्हणजे काम

वाडी रत्नागिरीत गुरव समाजाची वस्ती मोठी आहे. हेच देवाचे पुजारी. त्यांच्यातील दहा गावकर हे गावकीचे जुने प्रतिनिधी. धार्मिक विधी असो वा यात्रेची बैठक, ‘दहा गावकर आणि समस्त पुजारी’ हा उल्लेख आजही पहिल्या ओळीत येतो. त्यांच्याबरोबर ढोली, डवरी, म्हालदार, चोपदार, वाजंत्री असा लवाजमा असतो. धुपारतीच्या वाटेवर यातील प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, आणि त्या जागेबरोबर येणारे कामही ठरलेले आहे. म्हालदार नसेल तर पालखी खोळंबते, ढोली नसेल तर धुपारती निघत नाही. मानकरी म्हणजे पुढे बसणारा माणूस, हा अर्थ शहरात रूढ झाला. डोंगरावरचा मानकरी म्हणजे ज्याच्यावाचून काम अडते तो.

या व्यवस्थेतील सर्वांत जुनी पर्यटनसेवा म्हणजे पुजाऱ्याचे घर. कुळे आपापल्या पुजाऱ्याकडे उतरतात. आजोबा ज्या घरी उतरत, त्याच घरी नातू उतरतो. आंघोळीचे पाणी, पुरणपोळीचा नैवेद्य, अभिषेक, रात्रीचा मुक्काम हे सारे त्या एका उंबऱ्याआड होते. पुजारी कुळाची चार पिढ्यांची नावे सांगतो, आणि घरातल्या आजारपणाची, लग्नाची विचारपूसही करतो. गावच्या घरी पाहुणा म्हणून राहण्याची जी योजना आज पर्यटन खाती गावोगावी समजावून सांगतात, ती इथे कोणी न शिकवता चालत आलेली आहे. तिच्यातून मिळणारे उत्पन्नही गावातच राहते. शाश्वत पर्यटनाची पहिली कसोटी हीच की यात्रेकरूचा रुपया गावात किती फिरतो. या कसोटीला पुजाऱ्याचे घर पूर्ण उतरते.

दुसरी परंपरा पाकाळणीची. पंढरपुरात जशी प्रक्षाळपूजा, तशी जोतिबावर पाकाळणी. यात्रा सरली की देवळाचा गाभारा, मंडप आणि आवार धुऊन काढतात. नवरात्राआधीही पाकाळणी होते. चैत्रात डोंगर गुलालाने गुलाबी होतो आणि पाकाळणीने पुन्हा काळ्या दगडाचा होतो. गर्दी होणार म्हणजे घाण होणार, आणि घाण झाली म्हणजे ती काढणे हा उत्सवाचाच भाग आहे, हा विचार आपल्या पूर्वजांनी विधीत गुंफून ठेवला. स्वच्छतेला तिथीच नेमून दिली की ती टाळता येत नाही.

संस्थान ते समिती

करवीर संस्थानाच्या काळात जोतिबाचा सांभाळ राजदरबाराच्या देखरेखीखाली होता. शिंदे घराण्याचा वेगळा वाटा होता आणि त्यांच्या ट्रस्टमार्फत तो आजही चालू आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानाच्या देवस्थानांची जबाबदारी सरकारकडे आली. पुढे १९६९ मध्ये पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती स्थापन झाली. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील तीन हजारांहून अधिक देवस्थाने या एका समितीकडे आहेत. करवीरनिवासिनी अंबाबाई आणि दख्खनचा राजा जोतिबा ही त्यांतली प्रमुख.

एवढ्या मोठ्या पसाऱ्यात जोतिबाची जागा निराळी आहे. अंबाबाईचे देऊळ शहराच्या मध्यभागी आहे. तिथे रस्ते, दवाखाने, पाणी, गटारे यांची काळजी महापालिका घेते. जोतिबावर देऊळ समितीकडे, गाव ग्रामपंचायतीकडे, पूजा पुजाऱ्यांकडे, रस्ता बांधकाम खात्याकडे, उतार वन खात्याकडे आणि गर्दी पोलिसांकडे. देऊळ आणि गाव यांच्यामध्ये भिंत नाही. देवळाच्या पायऱ्या गावाच्या गल्लीत उतरतात. म्हणून समितीने दर्शनरांग कितीही उत्तम लावली तरी गल्लीत पाणी नसेल तर भाविकाच्या आठवणीत डोंगर एकच राहतो, तहानलेला. इथले कोणतेही काम एकट्या संस्थेला पुरे करता येत नाही. या क्षेत्राची ही मोठी अडचण आहे. सर्वांना एकत्र बसायला भाग पाडते म्हणून तिचा उपयोगही झाला आहे.

ग्रामपंचायतीचा वाटा

स्थानिक नेतृत्वाची गोष्ट ग्रामपंचायतीशिवाय पुरी होत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला ज्या करांचा अधिकार दिला, त्यांत यात्रेकरूंवरचा कर आणि जत्रा-उत्सवांवरचा कर यांची स्पष्ट नोंद आहे. कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते की काही गावे अशी असतात, जिथे घरपट्टी भरणाऱ्यांपेक्षा गावाचा रस्ता वापरणारे शेकडो पटींनी अधिक असतात. वाडी रत्नागिरी तसे गाव आहे. लहान गावाच्या लोकसंख्येवर मोजलेला निधी, आणि सेवा मात्र लाखोंना द्यायची.

दर रविवारी गर्दी असते. माघात रविवारचे खेटे असतात. कोल्हापुरातून पहाटे अनवाणी निघालेले भाविक वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाच्या वाटेने डोंगर चढतात. हिमालयाकडे परत निघालेल्या केदारनाथाला थांबवण्यासाठी अंबाबाईने खेटे घातले, अशी श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेने आजही तरुण मुले-मुली पायी येतात. मग चैत्र, श्रावण षष्ठी, नवरात्र, विजयादशमी. वर्षाचे असे मोजके दिवस आहेत, जेव्हा या गावाला ‘आज आमच्याकडे पाहुणे नाहीत’ असे म्हणता येते.

सरपंच आणि सदस्यांचे काम म्हणूनच इतर गावांपेक्षा अवघड आहे. कचरा रोज उचलायचा, तो डोंगराच्या कडेने खाली ढकलायचा नाही, कारण खाली पोहाळे, कुशिरे, दानेवाडी, गिरोली ही गावे आहेत आणि त्यांच्या विहिरी याच डोंगराच्या पाण्यावर भरतात. फुले-नारळ, कापूर-उदबत्ती, पेढे आणि खेळण्यांची दुकाने हा गावाचा चरितार्थ आहे, म्हणून अतिक्रमण काढताना कुटुंब उघड्यावर येणार नाही हेही पाहायचे. पंचायतीत ही दोन्ही टोके रोज सांभाळावी लागतात.

यात्रेची आखणी

चैत्र यात्रेची तयारी काही आठवडे आधी सुरू होते. जिल्हाधिकारी, पोलीस, पन्हाळ्याचे तहसीलदार, देवस्थान समिती, शिंदे घराण्याचा सिंधिया ट्रस्ट, ग्रामपंचायत, दहा गावकर आणि पुजारी एका बैठकीत बसतात. वाहने केर्लीकडून कशी चढवायची आणि दानेवाडीच्या अंगाने कशी उतरवायची, गाड्या कुठे थांबवायच्या, एसटीच्या जादा फेऱ्या किती, टँकर कुठे, वैद्यकीय पथक कुठे, काठ्यांची वाट कोणती, हे सारे त्या वेळी ठरते.

यात्रेच्या पहाटे तहसीलदारांच्या हस्ते शासकीय महाभिषेक होतो. दुपारी मानाच्या काठ्यांचे पूजन होते. संध्याकाळी हस्त नक्षत्रावर पालखी यमाईकडे निघते, तिथे यमाई आणि कट्याररूपी जमदग्नीचा विवाह लागतो आणि पालखी परत येते. शासकीय पूजा, गावाचा मान आणि देवाचा विधी यांची अशी सांगड क्वचितच कुठे दिसते.

या व्यवस्थेने वेळोवेळी स्वतःला सुधारले, हे विशेष नोंदवले पाहिजे. पूर्वी पालखीवर खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या उधळत. गर्दीत त्या डोक्याला लागत, माणसे जखमी होत. मग प्रशासन, व्यापारी आणि पुजारी यांनी मिळून खोबऱ्याचे बारीक तुकडेच विकावेत आणि उधळावेत असा आग्रह धरला. उधळण राहिली, इजा टळली. श्रद्धेला हात न लावता रीत बदलता येते, याचा हा उत्तम नमुना आहे. गुलालाच्या बाबतीतही हीच वाट आहे. रसायनी रंगाने डोळे चुरचुरतात आणि तळी नासतात. डोंगरावर नैसर्गिक गुलालच चढावा, हा निर्णय गावच्या दुकानदारांनीच मनावर घेतला तर त्यासाठी वेगळा पहारा लागणार नाही.

सेवेकऱ्यांचे ऋणही इथे मानले पाहिजे. गायमुखाजवळ सहजसेवा ट्रस्ट वर्षानुवर्षे यात्रेत अन्नछत्र चालवते. उन्हातून चढून आलेल्या माणसाला तिथे जेवण मिळते, आणि कोण कुठल्या गावचा हे कोणी विचारत नाही.

शिकवून गेलेली वर्षे

प्रत्येक संस्थेच्या इतिहासात काही वर्षे धडा देऊन जातात. जोतिबाच्या बाबतीत अशी तीन वर्षे सांगता येतील.

पहिले २०१४. ‘सुंदर’ नावाचा हत्ती २००७ मध्ये देवस्थानाला मिळाला होता. त्याच्या देखभालीचा प्रश्न देशभर गाजला आणि अखेर न्यायालयाच्या आदेशाने २०१४ मध्ये त्याला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पाठवण्यात आले. अनेकांना त्याचे जाणे जिव्हारी लागले. पण देवाच्या दारातल्या मुक्या जिवाचे सुख हीही देवस्थानाचीच जबाबदारी आहे, हे त्या प्रसंगाने सर्वांना शिकवले.

दुसरे २०२०. करोनाच्या साथीमुळे चैत्र यात्रा रद्द झाली, आणि २०२१ मध्येही झाली नाही. मोजक्या पुजाऱ्यांनी विधी पार पाडले. काठ्या आपापल्या गावी राहिल्या. डोंगर रिकामा राहिला, तेव्हा गावाचे सारे अर्थकारण एका यात्रेवर किती टेकलेले आहे ते उघडे पडले. दोन वर्षांच्या खंडानंतर २०२२ च्या एप्रिलमध्ये यात्रा भरली तेव्हा अनेक वृद्ध मानकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

तिसरे वर्ष त्याच काळातले, २०२१. त्या जुलैच्या अतिवृष्टीत डोंगराचा मुख्य रस्ता खचला. भाविकांना फिरून आडवाटेने वर यावे लागले. मागच्या पिढ्यांनी पाणी अडवायला तीर्थे बांधली होती. आपण उतार कापून रस्ते रुंद केले, माथ्यावर बांधकामे वाढवली आणि पाण्याला वाट ठेवली नाही. डोंगराची सोसण्याची एक मर्यादा आहे, हे त्या भेगांनी लिहून दाखवले.

आराखडा आणि पुढची वाट

६ मे २०२५ रोजी अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी, चौंडी येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत श्री क्षेत्र जोतिबाच्या विकासासाठी २५९ कोटी ५९ लाख रुपयांचा आराखडा मंजूर झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि त्यांत शेजारचा पन्हाळा आहे. पन्हाळ्याला येणारा देश-विदेशचा पाहुणा जोतिबालाही येणार. पायथ्याची पोहाळे लेणी, कुशिरे-गिरोलीची शेती, सादळे-मादळेचा घाट हा सारा परिसर आता एका प्रवासात पाहिला जाईल.

अशा वेळी शेजारच्या साताऱ्याकडे पाहावे. २०१२ मध्ये कास पठाराला जागतिक वारशाचे स्थान मिळाले आणि फुलांच्या हंगामात गर्दी उसळली. तेव्हा वन खाते आणि परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने प्रवेशशुल्क ठेवले, दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी सुरू केली आणि गावातल्याच तरुणांना मार्गदर्शक नेमले. फुले वाचली, गावाला रोजगार मिळाला. देवाच्या दारी संख्येची मर्यादा घालता येणार नाही, हे खरे. वाहनांची, प्लास्टिकची आणि काँक्रीटची मर्यादा मात्र नक्की घालता येते.

आमचे मत स्पष्ट आहे. निधीने दगड बसवता येतो, पण तो राखणारी माणसे निधीतून येत नाहीत. ती गावकीतून आणि ग्रामसभेतून येतात. १७३० पासूनचा अनुभव सांगतो की ज्या कामाला मान जोडला गेला, ते काम या डोंगरावर टिकले. म्हणून आराखड्यातील प्रत्येक कामाला गावातला एक जबाबदार धनी हवा. ग्रामसभेत आराखडा मराठीत, कलमवार वाचला जावा. देवस्थान समिती, ग्रामपंचायत, दहा गावकर आणि पायथ्याची गावे यांची बैठक यात्रेपुरती न राहता वर्षभर ठरल्या तारखांना व्हावी. ज्याचे दुकान वा घर कामात जाईल, त्याची सोय काम सुरू होण्याआधी व्हावी. आणि नव्या प्रत्येक इमारतीबरोबर पाणी अडवणारे एक तळे बांधले जावे, जसे राणोजींनी आणि जिजाबाईसाहेबांनी केले.

शेवटची विनंती काठी घेऊन येणाऱ्या गावांना. मान तुमचा आहे, तो कोणी काढून घेणार नाही. पाडळी, विहे, किवळ, कवठेएकंद आणि इतर सर्व मानाच्या गावांनी पुढच्या चैत्रात काठीबरोबर एक काम अंगावर घ्यावे. कोणी एका वळणाची झाडे जगवावीत, कोणी एक तीर्थ गाळमुक्त करावे, आणि सर्वांनीच आपल्या मुक्कामाचा कचरा आपल्याच गाडीतून खाली न्यावा. पालखी परतल्यावर लगेच निघू नये, पाकाळणीला हात लावूनच डोंगर उतरावा. जोतिबाच्या नावानं चांगभलं.